जुनी फास्ट फिफ्टी आणि रेंजफाइंडर: आधी जुळवा, मग उघडा

फास्ट फिफ्टी म्हणजे एफ १.४-१.५ पर्यंत उघडणारी ५० मिमीची लेन्स. तिच्यावर काढलेला रोल धुऊन येतो. पोर्ट्रेटमध्ये फोकस डोळ्यावर केल्याचं पक्कं आठवत असतं आणि निगेटिव्हवर शार्प आलेला असतो कान. मग ‘जुनी लेन्स आहे, सॉफ्टच असणार’ म्हणून ती विकायला निघते, नाहीतर त्याच धूसरपणाला ‘कॅरॅक्टर’ म्हणून मिरवलं जातं. बहुतेक वेळा हा चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा प्रकार असतो. लेन्स ठीक असते. चुकलेला असतो रेंजफाइंडर (अंतर जुळवून फोकस करायची कॅमेऱ्यातली यंत्रणा), अॅडॅप्टर (लेन्स आणि कॅमेरा जोडणारी कडी) किंवा कामाचा क्रम.

रेंजफाइंडरमध्ये तुम्ही लेन्समधून बघतच नाही, सगळा घोळ इथून सुरू होतो. एसएलआरमध्ये (आरशातून थेट लेन्समधलं दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात) फोकस हुकला तर डोळ्याला दिसतं. इथे व्ह्यूफाइंडर वेगळा, लेन्स वेगळी आणि दोघांमध्ये निरोप पोचवणारा एक छोटा दांडा. निरोप चुकीचा गेला तरी मधल्या चौकोनात (यालाच पुढे पॅच म्हटलंय) दोन प्रतिमा एकमेकींवर तंतोतंत बसलेल्याच दिसतात. एफ ८ ला (लेन्सचं भोक, म्हणजे अपर्चर, लहान) ही चूक झाकली जाते, एफ १.४ ला (भोक मोठं) उघडी पडते. ५० मिमी लेन्सला एफ १.४ वर १ मीटरला मिळणारी डेप्थ (शार्प येणारी खोली) जेमतेम ३ सेंटिमीटर असते. नाकाचं टोक ते डोळा हे अंतरही त्याच्या जवळपास जातं.

पुढचे टप्पे कॅनन ५० एफ १.४, निक्कॉर ५ सेंमी एफ १.४, लायकाची समारिट एफ १.५, रशियन ज्युपिटर-३ अशा लेन्स डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहेत. कॅमेरा लायका, कॅनन पी किंवा ७, झोर्की, बेसा यांपैकी कुठलाही असो. क्रम मात्र बदलू नका. पहिले पाच टप्पे टाळून फोटो काढायला थेट पुण्याच्या लक्ष्मी रोडवर जाणाऱ्यांचेच रोल धूसर येतात.

जवळ काय हवं

टॉर्च, हवा मारायचा रबरी ब्लोअर, मोजपट्टी, ८ किंवा १० पट मोठं दाखवणारा लूप, ट्रायपॉड, केबल रिलीज, आयएसओ १०० चा एक ब्लॅक अँड व्हाइट रोल (केंटमियर किंवा फोमापॅन, जो स्वस्त मिळेल तो) आणि नऊ काड्यापेट्या. काड्यापेट्या कशाला, ते पुढे येईल.

## टप्पा १: कॅमेऱ्यावर लावण्याआधी लेन्स बघा

अपर्चर पूर्ण उघडा. टॉर्च मागच्या बाजूने थोडा तिरका आत सोडा आणि पुढून बघा. समोरून सरळ उजेड टाकला तर जुनी काच नेहमी स्वच्छच दिसते, विकणारेही तशीच दाखवतात. तिरक्या उजेडात चार निरनिराळ्या गोष्टी दिसू शकतात आणि चारींचा निकाल वेगळा.

फांद्या फुटलेले बारीक धागे म्हणजे फंगस. कडेला एक-दोन धागे असतील तर चित्रावर परिणाम दिसत नाही, पण साफ करून घेईपर्यंत ही लेन्स बाकीच्या लेन्ससोबत एका डब्यात ठेवू नका. काचेवर सारखा पसरलेला दुधी थर म्हणजे हेझ. तो अपर्चरच्या लगतच्या काचांवर जास्त सापडतो आणि कॅननच्या ५० एफ १.२ व एफ १.८ या लेन्स त्यासाठी प्रसिद्धच आहेत. वेळेत पुसला तर जातो, वर्षानुवर्षं राहिला तर काच खातो आणि मग पुसूनही उपयोग नसतो. पुढच्या काचेवरच्या वर्तुळाकार बारीक रेघा पुसण्याच्या असतात. समारिटचं कोटिंग मऊ असल्याने तिच्यावर त्या हमखास सापडतात. थोड्या असतील तर हूड (लेन्सपुढे लावायची, बाजूचा उजेड अडवणारी कड) लावून काम भागतं. चौथी गोष्ट म्हणजे दोन काचांमधला चिकट थर सुटल्याच्या इंद्रधनुषी कडा. तशी लेन्स मी तरी घेणार नाही.

अपर्चरच्या पात्यांवर तेल दिसलं तर एसएलआरवाले दचकतात. इथे पाती हाताने फिरतात, त्यामुळे ती अडकत नाहीत. पण तेच तेल उन्हाळ्यात उडून काचेवर बसतं आणि त्याचा हेझ होतो, म्हणून तेल दिसलेली लेन्स वर्षाच्या आत सर्व्हिसला गेलेली बरी.

आता फोकस रिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मध्येच जड, मध्येच हलकी लागली तर ग्रीस वाळलंय. स्क्रू माउंटच्या लेन्सला हा दोष महागात पडतो, कारण रिंग जड असली की फोकस करताना लेन्सच आट्यांतून सैल होऊ लागते. तुम्हाला वाटतं फोकस फिरतोय, प्रत्यक्षात लेन्स निघत असते.

> इशारा: काच पुसण्याआधी ब्लोअरने धूळ उडवा. शर्टाचं टोक, रुमाल, तोंडाची फुंकर तिन्ही बाद. मार्च ते मे या महिन्यांत पुण्याच्या हवेत बारीक कच असते. ती काचेवर तशीच चोळली की कोटिंग गेलंच म्हणा.

## टप्पा २: लेन्स बसवणं आणि अॅडॅप्टर

लायका स्क्रू माउंट म्हणजे ३९ मिमी व्यासाचे आटे आणि माउंटपासून फिल्मपर्यंत २८.८ मिमी अंतर. लायका एम माउंटला हेच अंतर २७.८ मिमी. त्यामुळे स्क्रूची लेन्स एम बॉडीवर लावताना अॅडॅप्टरची जाडी बरोबर १ मिमी लागते.

‘बरोबर’ म्हणजे किती? एफ १.४ ला फिल्मच्या बाजूला मिळणारी सूट मिलिमीटरच्या चार-पाच शतांश भागांएवढी असते. अॅडॅप्टर ०.०५ मिमी जाड-बारीक निघाला की फोकस गेला. स्वस्तातले अॅडॅप्टर इथेच दगा देतात आणि शिव्या खाते लेन्स. पुण्यात याची तपासणी सोपी आहे. भोसरी-चिंचवडकडच्या वर्कशॉपमध्ये ओळख काढा आणि मायक्रोमीटरने अॅडॅप्टर चार जागी मोजून घ्या. चारही आकडे १.०० च्या आसपास आणि एकमेकांसारखे हवेत. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ असेल तर फ्रेमची एक कड कायम मऊ येईल.

अॅडॅप्टर घेताना ५०/७५ असा घ्या, म्हणजे व्ह्यूफाइंडरमध्ये ५० ची फ्रेम येते. २८/९० किंवा ३५/१३५ चा लावलात तर फोकस बिघडत नाही, पण कंपोझिशन भलत्याच चौकटीत होतं.

बसवताना लेन्स आधी हलकेच उलटी फिरवा. आटे खाली बसल्याचा बारीक धक्का लागला की मग सुलटी आवळा. जोर लावावा लागत असेल तर थांबा, आटे तिरके चढलेत.

> इशारा: झेनिट एसएलआरच्या जुन्या लेन्सनाही ३९ मिमीचे आटे असतात आणि त्या रेंजफाइंडरवर बसतातही. पण त्यांचं माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर ४५ मिमीच्या पुढे असतं आणि मागे रेंजफाइंडरचा दांडा ढकलणारी कडी नसते. जुन्या बाजारात नुसत्या आट्यांवर विश्वास ठेवू नका, लेन्सच्या मागे ती कडी आहे का ते बघा.

> इशारा: लायका, झोर्की, फेड यांचं शटर कापडी असतं आणि पुढे आरसा नसतो. टोपी न लावता कॅमेरा उन्हाकडे तोंड करून टेबलावर ठेवला तर लेन्स सूर्य थेट शटरवर गोळा करते आणि कापडाला भोक पडतं. कॅनन पी आणि ७ चं शटर धातूच्या पत्र्याचं, त्यांना हा धोका कमी.

## टप्पा ३: रोल न घालता रेंजफाइंडर तपासा

आधी इन्फिनिटी. लेन्स ∞ वर टेकवा आणि निदान एक-दोन किलोमीटर लांबची उभी, ठसठशीत रेघ शोधा. पावसाळ्यानंतरच्या स्वच्छ सकाळी पुण्यातल्या उंच गच्चीवरून किंवा टेकडीवरून सिंहगडावरचा दूरदर्शनचा मनोरा दिसतो. त्याहून चांगलं निशाण नाही. मे महिन्यात धुरळ्यात तो दिसणार नाही, तेव्हा दूरचा मोबाईल टॉवर घ्या. समोरच्या सोसायटीची पाण्याची टाकी चालणार नाही, ती शंभर-दीडशे मीटरवर असते.

पॅचमधली प्रतिमा मूळ प्रतिमेवर बसली का? आडवी सरकलेली असेल तर फोकस चुकणार. वर-खाली सरकलेली असेल तर फोकस चुकेलच असं नाही, पण नेमकं कुठे जुळलं ते डोळ्याला ठरवता येत नाही. दोन्ही दुरुस्त होतात.

मग जवळचं. मोजपट्टीने १ मीटर मोजा, पण फिल्मच्या पातळीपासून. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या माथ्यावर वर्तुळातून गेलेल्या रेघेची खूण असते, तिथून मोजायचं. लेन्सच्या पुढच्या काचेपासून मोजणं ही इथली सगळ्यात जास्त सापडणारी चूक. त्यात पाच-सहा सेंटिमीटर तिथेच जातात आणि मग चांगला कॅमेरा ‘बिघडलेला’ ठरतो. निशाणावर दोन्ही प्रतिमा जुळवा आणि रिंगवरचा आकडा वाचा.

इन्फिनिटी आणि १ मीटर दोन्ही जुळले तर पुढे चला. जुळले नाहीत तर दुसरी लेन्स लावून तेच करा. सगळ्या लेन्स एकाच दिशेला चुकत असतील तर दोष कॅमेऱ्यात. ही एकटीच चुकत असेल तर दोष तिच्यात किंवा तिच्या अॅडॅप्टरमध्ये.

> तपासा: पॅचच्या कडाच तुम्हाला धूसर दिसतात का? मग प्रश्न चष्म्याचा आहे. काही जुन्या लायकांना डोळ्यासाठी छोटा खटका असतो, इतरांना डायॉप्टर (नंबरची छोटी काच) लावावा लागतो. याआधी बाकी काही तपासण्यात अर्थ नाही.

बॉडीची कुवतही माहीत असू द्या. रेंजफाइंडरच्या दोन खिडक्यांमधलं अंतर गुणिले व्ह्यूफाइंडरचं मॅग्निफिकेशन, एवढा त्याचा नेमकेपणा. लायका एम-३ ला हा आकडा ६२ मिमीच्या आसपास, कॅनन पीला ४१, बेसा आरला जेमतेम २५. बेसावर एफ १.४ ने १ मीटरला पोर्ट्रेट काढता येतात, पण दहापैकी किती जमतील याची अपेक्षा आधीच कमी ठेवा.

## टप्पा ४: फिल्मच्या जागी काच

पाठ उघडणारा कॅमेरा असेल (कॅनन पी, झोर्की-४, बेसा, एम लायका) तर ही तपासणी फुकटात होते. खालून रोल भरायच्या जुन्या लायकांना हा टप्पा नाही, त्यांनी थेट पाचव्यावर जावं.

शटर बी वर (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं राहतं ती खूण) ठेवा, केबल रिलीजने उघडं अडकवा. फिल्म ज्या आतल्या दोन रुळांवरून सरकते त्यांच्यावर घासलेल्या काचेचा तुकडा टेकवा, खरखरीत बाजू लेन्सकडे. जुन्या एसएलआरचा फोकसिंग स्क्रीन मापाने कापला तर उत्तमच. काही जण चिकटपट्टी ताणून लावतात, पण ती मध्ये वाकते आणि एफ १.४ ला तेवढा बाक पुरेसा घोटाळा करतो. लेन्स पूर्ण उघडी, कॅमेरा ट्रायपॉडवर, डोळ्याला लूप. आता रेंजफाइंडरने जुळवलेलं निशाण काचेवरही शार्प आहे का? रिंग किंचित इकडेतिकडे करा. काचेवर सगळ्यात शार्प कुठे येतं आणि पॅच कुठे जुळतो, या दोन जागांमधलं अंतर हीच तुमची चूक.

> इशारा: शटरच्या पडद्याला बोट किंवा काचेची कड लागू देऊ नका. काम झाल्यावर आधी काच बाहेर, मग शटर बंद.

## टप्पा ५: काड्यापेट्यांचा रोल

लोकांना नेमका हा रोल ‘वाया’ वाटतो. मी म्हणेन, यानंतरचे सगळे रोल यानेच वाचतात.

टेबलावर नऊ काड्यापेट्या उभ्या करा, तिरक्या ओळीत. प्रत्येक पेटी आधीच्या पेटीच्या थोडी बाजूला आणि दीड सेंटिमीटर मागे. पाचव्या, म्हणजे मधल्या पेटीवर पेनाने एक ठळक उभी रेघ ओढा. फोकस फक्त तिच्यावर. लेबलावरची बारीक छपाई नंतर लूपखाली साक्ष देते, कुठल्या पेटीवरची अक्षरं वाचता येतात ते बघायचं. ३ मीटरला जाल तेव्हा पेट्यांमधलं अंतर वाढवून आठ-दहा सेंटिमीटर करा, कारण तिथे एफ १.४ ला डेप्थच एक फुटाच्या घरात जाते.

हे घरात खिडकीजवळ करा. गच्चीवर सावलीत करायला गेलात तर आयएसओ १०० ला एफ १.४ वर १/२००० लागतं आणि जुन्या शटरमध्ये ते नसतं.

अंतरं तीन: १ मीटर, १.५ मीटर, ३ मीटर. प्रत्येकाला चार अपर्चर: पूर्ण उघडी, २, २.८ आणि ४. झाल्या बारा फ्रेम. हेच सगळं पुन्हा एकदा, म्हणजे चोवीस. दोनदा अशासाठी की हाताची चूक आणि यंत्राची चूक वेगळी कळावी. यंत्र दर वेळी सारखंच चुकतं, हात दर वेळी वेगळा चुकतो. प्रत्येक फ्रेमआधी रिंग इन्फिनिटीपर्यंत मागे नेऊन नव्याने फोकस करा. अंतर आणि अपर्चर कागदावर लिहून ती चिठ्ठी फ्रेममध्येच ठेवा, डायरीतल्या नोंदी आणि निगेटिव्हचा क्रम हमखास जुळत नाही. उरलेल्या बारा फ्रेममध्ये दूरचा टॉवर, आणि हातात कॅमेरा धरून घरातल्याच कुणाचे तरी चेहरे.

रोल धुवायला देताना स्कॅनवर निकाल लावू नका. लॅबच्या साध्या स्कॅनमध्ये शार्पनिंग घातलेलं असतं, कधी स्कॅनरचाच फोकस हुकलेला असतो. निगेटिव्ह खिडकीच्या उजेडावर धरा आणि लूपने बघा.

निकाल कसा वाचायचा

सगळ्या अंतरांना, सगळ्या अपर्चरना शार्प पेटी पुढची किंवा सगळीकडे मागची येत असेल तर रेंजफाइंडर किंवा अॅडॅप्टर. पाचवीवरच फोकस असेल पण सगळंच थोडं दुधी, काँट्रास्ट पडलेला, तर हेझ. पहिल्या टप्प्यात तुम्ही टॉर्च नीट धरला नव्हता.

पूर्ण उघडी असताना चौथी पेटी शार्प आणि एफ २.८ ला पाचवी, असं आलं तर घाबरू नका. सोनार घराण्याच्या लेन्सचा हा स्वभाव आहे. झाइसची ५ सेंमी एफ १.५ सोनार १९३० च्या दशकातली, ज्युपिटर-३ तिचीच रशियन आवृत्ती आणि निक्कॉर एफ १.४ ही त्याच रचनेवर बेतलेली. या लेन्समध्ये अपर्चर बंद करत गेलं की फोकस मागे सरकतो. म्हणजे लेन्स एफ २.८ ला जुळवलेली असेल तर उघडी असताना पुढे फोकस करणार, आणि एफ १.५ ला जुळवलेली असेल तर २.८ ला मागे. दोन्हीकडे बरोबर आणणारं कुठलंही अॅडजस्टमेंट नाही. तुम्ही काय जास्त वापरता ते ठरवा आणि दुसरीकडची दुरुस्ती शरीराने करा. फोकस पुढे पडतो हे माहीत असेल तर पॅच जुळवल्यावर सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर पुढे झुकायचं आणि बटण दाबायचं. चार दिवसांत सवय होते.

ज्युपिटर-३ लायकावर लावणाऱ्यांना आणखी एक गोष्ट दिसेल: दूर बरोबर, १ मीटरला सरकलेलं. या लेन्सची खरी फोकल लेंग्थ सुमारे ५२.४ मिमी, लायकाचा रेंजफाइंडर मानतो ५१.६. त्यामुळे दोन्ही टोकं एकदम जुळत नाहीत. जवळचे फोटो जास्त काढत असाल तर तिथे जुळवून घ्या, दूरची चूक एफ ५.६ झाकून टाकतं.

## टप्पा ६: दुरुस्तीला देताना

लेन्स एकटी पाठवू नका. कॅमेरा, लेन्स, अॅडॅप्टर आणि तो काड्यापेट्यांचा रोल असं सगळं एकत्र द्या. कागदावर स्पष्ट लिहा: ‘एफ १.५ ला १ मीटरवर बरोबर हवं’ किंवा ‘एफ २.८ ला हवं’. नुसतं ‘फोकस बघून द्या’ म्हटलं की कारागीर त्याच्या अंदाजाने करणार, आणि त्यात त्याची चूक नाही.

> इशारा: एका लेन्ससाठी कॅमेऱ्याचा रेंजफाइंडर फिरवून घेऊ नका. ती लेन्स जुळेल, बाकीच्या सगळ्या बिघडतील. कॅमेरा आधी इन्फिनिटीला आणि १ मीटरला स्वतः बरोबर करायचा, मग लेन्समधले शिम (पातळ धातूच्या चकत्या) बदलून तिला कॅमेऱ्याशी जुळवायचं. लेन्स पूर्वी कुणी उघडली असेल (स्क्रूंच्या खाचा खरवडलेल्या दिसतील) तर शिम हरवलेला असण्याची शक्यता धरा.

परत आल्यावर पाचवा टप्पा निदान अर्ध्या रोलचा पुन्हा करा.

## टप्पा ७: पुण्याचा उजेड आणि अपर्चर

भर उन्हात आयएसओ ४०० ला हिशोब असा: एफ १६ वर १/५००. तुमच्या शटरचं टोक १/१००० असेल तर उघडून उघडून एफ ११. म्हणजे दुपारी शनिवारवाड्यासमोर तुमची एफ १.४ लेन्स ही साधी फिफ्टीच असते, आणि त्यात वावगं काही नाही. उन्हात उघडी वापरायचीच असेल तर आयएसओ १०० चा रोल घाला (१/१००० ला एफ ५.६ येतं) आणि चार स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) लावा. फिल्टर घेताना लेन्सचं माप बघा. ज्युपिटर-३ ला ४०.५ मिमी, समारिटला ४१, कॅनन एफ १.४ ला ४८. नेहमीच्या दुकानात ही मापं क्वचित मिळतात, स्टेप-अप रिंग (मोठ्या मापाचा फिल्टर बसवणारी कडी) सोबत मागवा. शिवाय जुन्या शटरचा १/१००० हा बहुधा खरा १/१००० नसतो, थोडा मंदच असतो. नेगेटिव्ह फिल्मला त्याने फरक पडत नाही, स्लाइडला पडतो.

हूड कायम लावा. जुनं कोटिंग एका थराचं असतं. सूर्य फ्रेममध्ये नसला तरी वरचं पांढरं आकाश आत शिरून सावल्या राखाडी करतं. वाड्याच्या दिंडी दरवाजातून बाहेर बघणारा फोटो, मंडपाच्या कापडातून येणारा उजेड, अशा जागी हे लगेच दिसतं. व्ह्यूफाइंडरमध्ये मात्र यातलं काही दिसत नाही, म्हणून हूड लावावा का हा विचार जागेवर करत बसू नका.

संध्याकाळी तुळशीबागेत दिवे लागले की ही लेन्स खरी उपयोगाला येते. उजळ दुकानासमोर आयएसओ ४०० ला एफ २.८ वर १/६० पासून सुरुवात करा. पूर्ण उघडली तर १/२५० मिळेल, पण लगेच तिकडे धावू नका. स्वस्त एलईडी पट्ट्या सेकंदाला शंभर वेळा मिचकावतात. वेगवान शटरची फट फ्रेमवरून सरकत असताना त्या मिचकावण्याचे फिके-गडद पट्टे निगेटिव्हवर उमटतात. गणपतीच्या दिवसांत रोषणाईसमोर काढलेल्या रोलवर हे पट्टे दिसले तर लॅबला दोष देऊ नका. १/६० ठेवा, एफ २ किंवा २.८ घ्या. फोकसलाही तेवढीच सूट मिळते.

माझं मत विचाराल तर अशा लेन्सचं सगळ्यात गोड अपर्चर एफ २ ते २.८ आहे. पूर्ण उघडी ही अंधारासाठी ठेवलेली सोय आहे, ती रोज वापरायलाच हवी असं नाही.

## टप्पा ८: रस्त्यावर, बटण दाबेपर्यंत

1. आधी फिल्म पुढे घ्या, मग शटर स्पीड लावा. झोर्कीला हा क्रम उलटा केला तर यंत्रणा मोडू शकते.
2. अपर्चर लावा. जुन्या रिंगला बऱ्याचदा खटके नसतात, हूड फिरवताना तीही सरकते. दर चार-सहा फ्रेमनंतर बघत जा.
3. डोळ्याला लावण्याआधीच अंदाजाने अंतर लावून ठेवा. माणूस हात लांब केल्यावर पोचेल त्याच्या थोडा पुढे असेल तर १ मीटर, खोलीच्या पलीकडे असेल तर ३.
4. फोकस नेहमी एकाच दिशेने, इन्फिनिटीकडून जवळ आणा. आट्यांमधली ढिलाई त्यामुळे दर वेळी सारखी राहते.
5. पॅच उभ्या रेघेवर न्या. रेंजफाइंडरच्या खिडक्या आडव्या रेषेत असतात, त्यामुळे आडव्या रेघांवर काहीच सरकताना दिसत नाही. बंद दुकानाचं शटर, साडीचे आडवे काठ, पायऱ्या यांच्यावर फोकस करायचा तर कॅमेरा उभा धरून जुळवा, मग हवा तसा करा.
6. बटण दाबण्याआधी टोपी आणि लेन्ससमोर आलेलं बोट. व्ह्यूफाइंडर दोन्हींची चुगली करत नाही.

पाचव्या मुद्द्यात एक छुपा सापळा आहे. बांगड्यांच्या दुकानात दांडीवर एकसारख्या बांगड्या ओळीने लावलेल्या असतात. पॅचमधली एक बांगडी शेजारच्या बांगडीच्या प्रतिमेवर इतकी तंतोतंत बसते की फोकस झाला असं वाटतं, प्रत्यक्षात तो दुसऱ्याच अंतरावर असतो. खिडकीचे गज, पुलाचे कठडे इथेही तेच. अशा वेळी बांगड्या सोडा, विकणाऱ्या मावशींच्या चष्म्याची कड किंवा पदराची पिन धरा.

आता फोकस करून मग फ्रेम बदलण्याबद्दल. पॅच मधोमध असतो आणि चेहरा आपल्याला कडेला हवा असतो, म्हणून कॅमेरा वळवला जातो. १ मीटरवर कॅमेरा १५ अंश वळवला की फोकसची पातळी डोळ्याच्या सुमारे साडेतीन सेंटिमीटर मागे जाते. डेप्थच तीन सेंटिमीटर असताना फोटो गेला. सुरुवातीला म्हटलेला शार्प कान निम्म्या वेळा इथून येतो. उपाय दोन: चेहरा मध्याच्या जवळ ठेवा, किंवा वळण्याऐवजी कॅमेरा आहे त्याच पातळीत बाजूला सरकवा. दोन मीटरवर १० अंशांपर्यंत वळलात तर चालून जातं.

पॅच जुळल्यावर श्वास रोखून रिंग आणखी किंचित ‘सुधारत’ बसू नका. तेवढ्यात तुम्ही आणि समोरचा दोघंही डोलता. जुळलं की दाबा.

## टप्पा ९: पावसाळ्यात लेन्स कुठे ठेवायची

कातडी केसमध्ये मुळीच नाही. कातडं ओल धरतं आणि फंगसला दुसरं काय हवं असतं? बोहरी आळीत मिळणारा घट्ट झाकणाचा प्लास्टिक डबा, त्यात रंग बदलणारं सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर एवढं पुरतं. आकडा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. जेलचा रंग बदलला की ते वाळवायचं, नुसतं डब्यात पडून राहिलं तर त्याचा काही उपयोग नाही. जून ते सप्टेंबर लेन्स आठवड्यातून एकदा बाहेर काढा, रिंग आणि अपर्चर पूर्ण फिरवा, तासभर कोरड्या उजेडात ठेवा, टोपी काढून पण सूर्याकडे तोंड न करता. एसी गाडीतून बाहेरच्या दमट हवेत उतरताना कॅमेरा दहा-पंधरा मिनिटं बॅगेतच राहू द्या. काचेवर दव धरलं तर पुसू नका, आपोआप उडू द्या.